भोपळ्याची हमी

दुधी पेटत नाही, हे आमच्या घरी स्वयंपाकघराच्या फरशीवर सिद्ध झालं. साक्षीदार चार होते: आई, ताई, मी आणि घरमालक निगम साहेब. निगम साहेबांसाठी बैठकीतली वेताची खुर्ची आत आणून ठेवली होती आणि हातात चहाचा कप धरून ते चौकशी समितीवर बसावं तसे बसले होते. बाबांनी दुधीची एक जाड फोड सांडशीत धरली आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर नेली. फोड थोडा वेळ सूं सूं करत राहिली, खालून काळी पडली, मग तिला पाणी सुटलं आणि मेणबत्ती विझली. दुधीनंतर मुळा झाला, मुळ्यानंतर वांगं. वांग्याचा वास इतका खमंग सुटला की ताई म्हणाली, "बाबा, भरता ही बना लें?" ताईला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. प्रयोगशाळेत कुणी परीक्षानळीत शिंकलं तर ते असंच पाहत असावेत. सगळ्यात शेवटी लाल भोपळा आला. त्याला काडी, मेणबत्ती आणि शेवटी स्टोव्हची ज्योत लावून झाली. भोपळा शिजला, पेटला नाही.

निगम साहेबांनी कप बशीत ठेवला. "दामले साहब, मान गए. यह तो आग को ही बुझा दे."

या प्रयोगाला एक कारण होतं आणि ते आईचं होतं. आम्ही महानगर नावाच्या वस्तीत निगम साहेबांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. बाबा वनस्पतींवर काम करणाऱ्या एका संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ होते. लखनौत आल्यापासूनचं हे आमचं तिसरं घर. आधीची दोन घरं आईला आवडली नव्हती, हे आवडलं होतं. सज्जा पूर्वेला होता, गच्ची आमच्याकडे होती, आणि खालच्या अंगणातल्या पेरूच्या झाडाची एक फांदी स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत यायची. फक्त एक गोष्ट नव्हती: आकाशकंदील. निगम साहेब वनखात्यातून निवृत्त झाले होते. अर्धं आयुष्य त्यांनी वणवे विझवण्यात घालवलं होतं आणि उरलेलं अर्धं ते वणव्याची वाट बघण्यात घालवत होते. जिन्याखाली वाळूने भरलेल्या दोन बादल्या कायम असायच्या. दिवाळीत कठड्यावर पणत्या लावायला त्यांची हरकत नव्हती, पण टांगलेला दिवा चालणार नव्हता. "लटकी हुई आग इस घर में नहीं होगी," असं त्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. विजेचा दिवा लावून पाहावा तर सज्ज्यात प्लग नव्हता. खिडकीतून ओढलेली वायर निगम साहेबांना आगीपेक्षाही नापसंत होती. शिवाय त्या काळी संध्याकाळ झाली की वीज जायची.

आई सांगलीची. तिच्या माहेरी आकाशकंदील धनत्रयोदशीला चढायचा आणि त्रिपुरी पौर्णिमेलाच उतरायचा. मधे एकही संध्याकाळ तो विझलेला चालत नसे. दोन दिवाळ्या तिने या घरात कंदिलाशिवाय काढल्या. तक्रार केली नाही. फक्त दोन्ही वर्षी चकल्या बिघडल्या, आणि आईच्या चकल्या आपोआप बिघडत नाहीत हे बाबांनाही माहीत होतं. तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास ती जेवताना म्हणाली, की यंदा या घरावर कंदील लागणार नसेल तर दिवाळीला ती मुलींना घेऊन सांगलीला जाईल आणि पौर्णिमेनंतर येईल. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते निगम साहेबांकडे गेले आणि जी पेटूच शकत नाही अशा वस्तूचा कंदील चालेल का, असं त्यांनी विचारलं. अशी वस्तू कोणती, असं निगम साहेबांनी विचारलं. बाबा म्हणाले, भाजी.

बाबांचा तर्क सरळ होता, आणि आज पुन्हा तपासला तरी त्यात चूक सापडत नाही. ताज्या भोपळ्यात दहातले नऊ भाग पाणी. जोवर ते पाणी आत आहे तोवर ज्योतीची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी उकळतं त्यापेक्षा भोपळा फारसा तापत नाही, आणि पेट घ्यायला त्याच्या दुपटीहून जास्त तापावं लागतं. म्हणून आधी शिजतो. हे त्यांनी निगम साहेबांना हिंदीत, आईला मराठीत आणि आम्हा दोघींना आकृती काढून सांगितलं. निगम साहेबांनी प्रयोग पाहायला मागितला, तो त्यांना दाखवला गेला आणि परवानगी मिळाली. जिना उतरताना ते एवढंच म्हणाले, "आपकी ज़बान पर टाँगने दे रहा हूँ." बाबांना हे वाक्य फार आवडलं. संस्थेतल्या कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त आवडलं असावं, कारण त्या रात्री जेवताना त्यांनी ते दोनदा सांगितलं.

बख्शी का तालाब या गावाकडचा एक भाजीवाला रोज सकाळी हातगाडी घेऊन यायचा. आईने त्याच्याकडचा एकूण एक भोपळा हातात घेऊन, वाजवून, फिरवून पाहिला. "बहन जी, सब्जी बनानी है कि ब्याह करना है?" असं त्याने विचारलं. आईचं हिंदी तेव्हा भाजीपुरतं होतं, त्यामुळे ती उत्तरादाखल हसली आणि सगळ्यात गोल भोपळा उचलून आली. देठाकडून झाकण कापलं. आतला गर आणि बिया काढल्या. गराचे घारगे झाले, बिया धुऊन गच्चीवर पडल्या. आता कंदील म्हटला की भिंतीतून उजेड दिसला पाहिजे, म्हणून आईने आतून चमच्याने खरवडत भिंत पुठ्ठ्याएवढी पातळ केली. बाहेरून तिने चांदण्या आणि वेल कोरला. तिच्या हातात कोरणी नव्हती, बटाट्याची साल काढायची सुरी होती, पण वेल असा उतरला की खालून निगम साहेबांच्या पत्नी, ज्यांना आम्ही आंटी म्हणायचो, खास बघायला वर आल्या.

इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे होतं. पुढचं जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं, आणि माझ्या मते ते फक्त आमच्यासारख्या घरातच होऊ शकलं असतं. दिवाळीला अजून आठ दिवस होते. कापलेला भोपळा दोन दिवसांत ओलसर होतो, तिसऱ्या दिवशी त्यावर चिलटं बसतात. आईचा कंदील पौर्णिमेपर्यंत टिकायला हवा होता. ज्या बाईने आयुष्यभर सांडगे, कुरडया आणि मिरच्या टिकवल्या तिला यावर उपाय कुणाला विचारावा लागत नाही. तिने भोपळा उन्हात घातला. सकाळी गच्चीवर, संध्याकाळी आत, वर पातळ फडकं. लखनौचं दसऱ्यानंतरचं ऊन वाळवणासाठी घडवल्यासारखं असतं: कडक, कोरडं, आणि वाऱ्यात ओल नाही. भोपळा आक्रसला, रंगाने गडद झाला, कोरलेल्या वेलाच्या कडा वळायला लागल्या. मग भेगा पडू नयेत म्हणून आईने त्याला आतून तेल चोळलं. आंटींनी प्रेमाने दिलेला मोहरीच्या तेलाचा डबा घरात तसाच पडून होता, कारण आमच्याकडे स्वयंपाक शेंगदाण्याच्या तेलात व्हायचा आणि मोहरीच्या वासाने बाबांना शिंका यायच्या. रोज एक हात, असे पाच दिवस. शेवटी भोपळा असा चकाकत होता की त्यात तोंड दिसावं.

तो गच्चीवर नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. पहिल्या दिवशी मला तो दोन हातांनी पोटाशी धरावा लागला, शेवटच्या दिवशी एका हाताच्या पंजावर ठेवून मी जिना उतरले. त्यातलं पाणी गेलं म्हणून तो हलका झाला, एवढं मला कळत होतं. पाणी आहे म्हणून तो पेटत नाही, हेही मला आकृतीसह पाठ होतं. या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत. पुढे माझं सगळं आयुष्य वृत्तपत्राच्या डेस्कवर गेलं आणि तिथे हा प्रकार मी पुष्कळदा पाहिला. एक बातमी एका टेबलावर असते, दुसरी दुसऱ्या टेबलावर, दोन्ही बरोबर असतात, आणि सकाळी अंक चुकीचा निघतो.

बाबा त्या आठवड्यात रोज उशिरा यायचे. भोपळा त्यांनी पुन्हा पाहिला तो सज्ज्यात टांगलेलाच. "सुंदर झालाय," ते म्हणाले. हात लावून त्यांनी पाहिलं नाही. प्रयोग एकदा यशस्वी झाला की त्यांना त्या वस्तूत रस राहत नसे.

धनत्रयोदशी आणि नरक चतुर्दशी व्यवस्थित पार पडल्या. आईने आत लहान पणती ठेवली होती. चांदण्यांतून पिवळा उजेड सज्जाभर पसरला आणि रस्त्यावरून जाणारे रिक्षावाले वर बघून वेग कमी करायला लागले. निगम साहेब स्वतः फाटकाबाहेर जाऊन दोनदा पाहून आले. त्यांनी शेजाऱ्यांना "हमारे दामले साहब की ईजाद", म्हणजे त्यांनी लावलेला शोध, म्हणून तो दाखवला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आईने मोठी पणती घेतली आणि तेल काठोकाठ भरलं, कारण त्या दिवशी तरी दिवा लवकर विझू नये. आम्ही आत पूजेला बसलो. ताई आरतीचं तबक आणायला उठली, तिने सज्ज्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आई, कद्दू जल रहा है."

झालं ते असं. वाळून वाकडं झालेलं भोपळ्याचं बूड पणतीला सपाट टेकू देत नव्हतं. पणती कलली, तेल आत सांडलं, ज्योत भिंतीशी गेली. मी बाहेर गेले तेव्हा रोज आतून उजळणारा कंदील बाहेरूनही पेटलेला होता. चांदण्यांतून ज्वाळा येत होत्या, आणि वेलाची पानं एकेक करून काळी पडत होती. बाजूलाच निगम साहेबांनी दिवाळीसाठी नवीन बसवलेली बांबूच्या काड्यांची चिक, ऊन अडवायचा पडदा, होता. चिकेने पेट घेतला तेव्हा आवाज झाला. जिन्यावरून निगम साहेब वाळूच्या दोन्ही बादल्या घेऊन आले. त्या वयाच्या माणसाकडून अशा वेगाची अपेक्षा नव्हती, पण बहुधा इतक्या वर्षांच्या तयारीनंतर त्यांना बोलावणं आलं होतं. पहिली बादली चिकेवर, दुसरी भोपळ्यावर. अर्धी चिक, खांबाचा रंग आणि आईच्या पदराचा एक कोपरा, एवढं नुकसान झालं. कुणाला इजा झाली नाही. निगम साहेबांनी रिकामी बादली खाली ठेवली, श्वास घेतला आणि बाबांना म्हणाले, "भाईदूज के बाद बात करेंगे." आवाज चढलेला नव्हता. आमच्याआधी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला सज्ज्यात स्टोव्ह पेटवल्याबद्दल महिनाभरात घर सोडावं लागलं होतं, आणि त्यांच्याशीही ते असंच, आवाज न चढवता बोलले होते, असं आंटींनी आईला कधीतरी सांगितलं होतं.

मधले दोन दिवस घरात फटाक्यांचा आवाज बाहेरूनच येत राहिला. आईने पाडव्याला बाबांना ओवाळलं, पण दोघेही एकमेकांकडे न बघता बोलत होते. तिला आता कंदिलाचं काही नव्हतं. घर जाणार, पुन्हा ट्रंका, पुन्हा नवा भाजीवाला, पुन्हा नव्या शेजाऱ्यांना आपलं नाव समजावून सांगणं, हे तिच्या डोळ्यांपुढे होतं. बाबांना घराचंही नव्हतं. आपण शब्द दिला आणि भोपळा पेटला, हे त्यांना झोपू देत नव्हतं. मग त्यांनी त्यांना येत होतं ते केलं. जळक्या भोपळ्याचे वाचलेले तुकडे, आईने वाळवणासाठी गच्चीवर घातलेल्या भोपळ्याच्या फोडी, वाळून गेलेली एक तोरई, म्हणजे आपला दोडका, आणि एक ताजा दुधी त्यांनी गच्चीवर ओळीने मांडले आणि दिवसभर जाळले. ताजा दुधी नेहमीसारखा विझला. वाळलेली भोपळ्याची फोड धुमसली, पण ज्योत बाजूला घेताच थंड झाली. तेल चोळलेला तुकडा मात्र ज्योत काढल्यावरही जळत राहिला, अगदी वातीसारखा. तोरईने तर काडी दाखवताच पेट घेतला, कारण ती आतून सगळी जाळीच असते आणि प्रत्येक धाग्याभोवती हवा असते. भोपळ्याच्या आतही खरवडताना राहिलेले असे धागे होते, वाळून ते तागासारखे झाले होते. टांगण्यासाठी वर पाडलेली भोकं धूर बाहेर सोडत होती आणि चांदण्या हवा आत घेत होत्या. बाबा वहीत लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, "हा वाळवला कुणी?"

मी आईकडे पाहिलं. आई कपडे वाळत घालत होती. तिने चिमटा तोंडातून काढला.

"मी," ती म्हणाली. "तेलही मीच लावलं."

"मला सांगायचंस नाही का?"

"भाजी कशी टिकवायची हे कधी तुम्हाला विचारलंय का मी?"

बाबांनी वही मिटली.

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी बाबा खाली गेले. वही बरोबर होती. आम्ही दोघी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलो, आई आमच्या मागे उभी होती. निगम साहेबांनी बाबांना बसायला सांगितलं, चहा मागवला, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारली. मग विषयावर आले. आपण परवानगी दिली ती तुमच्या शब्दावर, भाजीवर नव्हे, असं ते म्हणाले. बाबांनी वही उघडून पाण्याचं, धाग्यांचं आणि तेलाचं सगळं समजावून सांगितलं. आम्हाला ऐकू येत होतं की निगम साहेब नीट ऐकत आहेत, कारण मधेच त्यांनी तोरईबद्दल एक प्रश्न विचारला. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "यानी जो आपने मुझे दिखाया वह और था, जो टँगा वह और. यह फ़र्क़ किसने किया, दामले साहब?"

आता बाबांना खरं बोलून सुटता आलं असतं. खरं बोलायची त्यांना इतकी सवय होती की आम्ही तिघींनीही तेच गृहीत धरलं होतं. पायरीवर आईने माझ्या खांद्यावर हात ठेवलेला होता, तो जड झाला.

"मैंने किया," बाबा म्हणाले. "मैंने एक शाम का कद्दू जाँचा. टँगना उसे अठारह शाम था. घर में एक बार पूछ लेता कि इतने दिन वह टिकेगा कैसे, तो उसी वक़्त पता चल जाता. नहीं पूछा."

खांद्यावरचा हात उचलला गेला. आई आमच्या मधून वाट काढत खाली उतरली. दोन वर्षांत ती खालच्या मजल्यावर हळदीकुंकवाच्या आमंत्रणापलीकडे गेली नव्हती. निगम साहेबांसमोर तिला कधी एक वाक्यही बोलताना मी ऐकलं नव्हतं. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सुखाया मैंने, भाई साहब. तेल भी मैंने लगाया. इनको कुछ मालूम नहीं था."

निगम साहेब उठून उभे राहिले, कारण स्त्री आत आली की ते उभे राहत. मग त्यांनी बाबांच्या हातातली वही घेतली, तोरईचं पान उघडलं आणि चष्मा लावून वाचलं. "बहन जी," ते म्हणाले, "जंगल में भी यही होता है. सावन में जिस पेड़ के नीचे आदमी अलाव न जला सके, जेठ में वही पेड़ एक बीड़ी से चला जाता है. पेड़ वही रहता है. यह बात मुझे उस दिन पूछनी चाहिए थी. तीस साल यही नौकरी की है." वही मिटून त्यांनी बाबांना परत दिली. घर सोडण्याचा विषय त्यांनी काढला नाही. आपण कुणी काढावा असं आम्हालाही वाटलं नाही.

पण त्यांनी अटी घातल्या, आणि अटी त्यांना फार छान घालता यायच्या. कंदील लागेल, पण सज्ज्यात नाही, अंगणात पेरूच्या फांदीला, त्यांच्या नजरेसमोर. भोपळा दर तिसऱ्या दिवशी ताजा. निघालेल्या गरातला अर्धा खाली, कारण आंटींच्या हातची आमचूर-मेथी घातलेली कद्दूची भाजी आणि पुऱ्या आम्ही खाल्ल्याशिवाय हा समझोता पुरा होणार नव्हता. आणि शेवटची अट आईने घातली. तिने ती हिंदीत घातली, अडखळत पण पूर्ण: दिवा ती लावेल, मात्र रोज आधी भोपळा हे हातात घेऊन बघतील. हे ओला म्हणाले तरच ती काडी ओढेल.

उरलेल्या संध्याकाळी तसंच झालं. आम्ही इतका भोपळा खाल्ला की ताईने पुढे लग्न ठरताना मुलाच्या घरी भोपळा आवडतो का हे विचारून घेतलं, असं तिचा नवरा अजून सांगतो. बाबा संस्थेतून यायचे, सायकल लावायचे, फांदीखाली उभे राहून कंदिलात हात घालायचे, बोटं आतून सगळीकडे फिरवायचे, आणि गंभीरपणे "ओला" म्हणायचे. आई काडी ओढायची. एका संध्याकाळी ते आले नाहीत. संस्थेत काही अडकलं असणार. तेव्हा फोन शेजारीही नव्हता. अंधार पडला. आजूबाजूच्या घरांतून दिवे लागले, मग नेहमीप्रमाणे वीज गेली. आंटी म्हणाल्या, आता तुम्हीच बघा आणि लावा. निगम साहेब म्हणाले, मी हात लावून सांगतो, मला ओलं-सुकं कळतं. आई पेरूच्या झाडाखाली काडेपेटी हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "नहीं. ये आएँगे." निगम साहेबांनी खुर्ची ओढून घेतली, आंटी पायरीवर बसल्या, आम्ही दोघी त्यांच्या शेजारी. बऱ्याच वेळाने फाटकाची कडी वाजली. बाबांनी सायकल भिंतीला टेकवली, अंधारात आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, काय झालंय ते त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते फांदीखाली आले, रुमालाने हात पुसले आणि भोपळ्यात हात घातला.

"ओला आहे," ते म्हणाले.

"नीट बघा," आई म्हणाली.

त्यांनी पुन्हा नीट बघितलं.